चढावर स्कूटर ओढत नाही? इंजिन खोलण्याआधी डावीकडचं कव्हर उघडून बघा

गणपतीपुळे : रत्नागिरीहून शिरगाव, काळबादेवी, आरे-वारे, नेवरे, भंडारपुळे करत गणपतीपुळ्याला येणारा रस्ता दिसायला कितीही देखणा असला, तरी स्कूटरला तो घाम फोडतो. खाडी ओलांडली की चढ, चढ संपला की उतार, पुन्हा समुद्राच्या पातळीवर आणि पुन्हा चढ. निवळी फाट्यावरून जाकादेवी, चाफे मार्गे येणाऱ्या रस्त्यालाही वळणं आणि चढ-उतार काही कमी नाहीत. मासळीची पाटी पायाशी ठेवून बाजाराला जाणारी बाई असो, पर्यटकांना खोल्या देणारा घरमालक असो की कॉलेजला जाणारी मुलं, सगळ्यांचं काम आता बिनगिअरच्या स्कूटरवरच चालतं. आणि सगळ्यांची तक्रारही एकच, 'गाडी चढावर ओढत नाही.'

या तक्रारीवर पहिलं उत्तर बऱ्याचदा 'इंजिनचं काम निघालं' असं येतं. रिंग-पिस्टन, बोअर, हेड, सगळं खोललं जातं आणि हजारोंचं बिल होतं. त्यानंतरही चढावर गाडी तशीच रडत असेल, तर दोष इंजिनात नव्हताच असं समजावं. मागच्या चाकाच्या डाव्या अंगाला जे लांबट कव्हर असतं, त्याच्या आत बेल्ट, रोलर आणि क्लच बसलेले असतात. चढावरचा निम्मा खेळ तिथेच होतो. म्हणून इंजिनाला हात लावण्याआधी ते कव्हर उघडायला सांगा.

कव्हरच्या आत काय चालतं?

बिनगिअरची म्हणजे गिअर नसलेली गाडी, असं आपण समजतो. खरं तर तिच्यात गिअर बदलत असतात, फक्त ते बदलायला पाय लागत नाही. आत दोन पुल्या असतात, एक पुढे इंजिनाच्या शाफ्टवर आणि एक मागे चाकाच्या बाजूला. दोन्हींवरून एक रबरी बेल्ट फिरतो. प्रत्येक पुली म्हणजे समोरासमोर ठेवलेल्या दोन उतरत्या ताटल्या. ताटल्या जवळ आल्या की बेल्ट वर चढतो आणि पुली मोठी होते. लांब गेल्या की बेल्ट आत बसतो आणि पुली लहान होते.

पुढच्या पुलीत मागच्या अंगाला लहान गोल रोलर असतात, बहुतेक गाड्यांत सहा. इंजिनाचे फेरे वाढले की हे रोलर बाहेर फेकले जातात आणि ताटलीला ढकलतात. गोफण फिरवली की दगड बाहेर ओढ घेतो, तसंच हे. गाडी निघताना पुढची पुली लहान आणि मागची मोठी असते, म्हणजे सायकलच्या हलक्या गिअरसारखं. वेग वाढला की उलट होतं. चढ लागला आणि जोर कमी पडला की मागच्या पुलीतली स्प्रिंग ताटल्या पुन्हा जवळ आणते आणि गाडी आपोआप हलक्या गिअरवर येते.

मागच्या पुलीलाच क्लच जोडलेला असतो. इंजिन नुसतं चालू असताना क्लचचे शू मिटलेले असतात. रेस वाढली की ते फाकतात आणि बाहेरच्या लोखंडी वाटीला घट्ट धरतात, मग चाक फिरतं.

आपल्याकडे १९८० च्या दशकात पुण्याच्या कायनेटिकनं जपानच्या होंडाबरोबर कायनेटिक होंडा आणली, तेव्हापासून ही रचना लोकांच्या ओळखीची झाली. २००१ मध्ये अॅक्टिव्हा आली आणि ती गावोगाव पोचली. किनाऱ्यावरच्या वाळूत पर्यटकांना फिरवणाऱ्या चारचाकी गाड्यांतल्या अनेकांत हीच पुली-बेल्टची जोडी असते. तिकडे काश्मीरमध्ये गुलमर्गला बर्फावर पळणाऱ्या स्नोमोबाईलमध्येही दोन पुल्या आणि एक बेल्टच असतो. उंचावर हवा विरळ, त्यामुळे इंजिनाची ताकद कमी पडते. म्हणून तिथे पुढच्या पुलीतली वजनं हलकी करतात. आपल्याकडे उंचीचा प्रश्न नाही, पण चढ आणि ओझं यांचा आहे. तत्त्व तेच.

इंजिन की बेल्ट? कानानं ओळखा

चढावर थ्रॉटल पूर्ण पिळा आणि आवाज ऐका.

इंजिनाचा आवाज चढत जातो, पण वेग वाढत नाही, असं असेल तर इंजिन ताकद देतंय, ती चाकापर्यंत पोचत नाही. बेल्ट घसरतोय किंवा क्लच धरत नाही.

आवाजच वर जात नाही, इंजिन दबल्यासारखं होतं, असं असेल तर इंजिन, एअर फिल्टर, प्लग, पेट्रोलचा पुरवठा यांच्याकडे बघायचं. पण त्याआधी गाडी मेन स्टँडवर लावून, इंजिन बंद ठेवून मागचं चाक हातानं फिरवून बघा. ब्रेक शू घासत असेल तर चाक जड फिरतं. टायरमधली हवाही तपासा. या दोन गोष्टी फुकटात बघता येतात.

बाकीच्या खुणा अशा :

निघताना गाडी थरथरते, पुढे गेल्यावर नीट चालते : क्लचचे शू काचेसारखे गुळगुळीत झालेत किंवा वाटीत धूळ बसली आहे.

जागेवर उभी असताना चाक आपोआप फिरतं, गाडी पुढे सरकते : क्लचच्या लहान स्प्रिंगा ढिल्या झाल्या आहेत किंवा आयडल जास्त ठेवलं आहे.

पुढच्या पुलीकडून खडखड येते, वेग पकडताना गाडी मध्येच अडखळते : रोलर एका बाजूनं झिजून चपटे झालेत.

जळक्या रबराचा वास येतो : बेल्ट घसरतोय. गाडी तशीच दामटू नका.

सायलेन्सरमधून निळा धूर आणि ऑइल कमी होणं, ही मात्र इंजिनाची खूण. सकाळी चालू करताना तेवढाच निळा धूर येऊन थांबत असेल तर बहुतेक व्हॉल्व्हचे सील गेलेले असतात. चढावर सतत निळा धूर येत असेल तर रिंग आणि बोअर तपासायला हवेत.

किनाऱ्यावर झीज लवकर का होते?

बेल्टचं कव्हर आतून कोरडं असतं, तिथे ऑइल नसतं. बेल्ट गरम होतो म्हणून पुलीचा पंखा बाहेरची हवा आत ओढतो. आपल्याकडे त्या हवेबरोबर उन्हाळ्यात जांभ्या मातीची तांबडी धूळ, किनाऱ्याजवळ बारीक वाळू आणि बारा महिने खारी दमट हवा आत जाते. धूळ शू आणि रोलर घासते, खाऱ्या हवेनं क्लचच्या वाटीला गंज धरतो.

पावसात साचलेल्या पाण्यातून गाडी घातली की पाणी आत जाऊन बेल्ट घसरायला लागतो. तेव्हा रेस देऊन उपयोग नाही. गाडी थांबवून पाणी निथळू द्यायचं. अनेक गाड्यांना कव्हरच्या खालच्या बाजूला पाणी काढायची नळी असते, ती कुठे आहे हे मेकॅनिककडून दाखवून घ्या. गाडी वाळूत घातली असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्यानं धुवा, पण कव्हरच्या हवेच्या तोंडावर प्रेशरचं पाणी मारू नका.

बेल्ट किती किलोमीटरला बदलायचा ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. घाट आणि डबल सीट रोजचंच असेल तर त्या आकड्याची वाट न बघता मधूनमधून कव्हर उघडून बघावं. बेल्टला आडव्या भेगा, सुटलेले धागे, चकचकीत झालेल्या कडा किंवा कमी झालेली रुंदी दिसली की बदलायचा. बेल्टवर ऑइल दिसलं तर नुसता बेल्ट बदलून भागणार नाही. ते कुठल्या सीलमधून येतंय ते शोधायला हवं, नाहीतर नवा बेल्टही तसाच घसरेल. पुलीत वाटेल तिथे ग्रीस भरणं हीसुद्धा चूकच, कारण ते फिरताना उडून बेल्टवर बसतं.

इंजिन बांधायचंच असेल तर

काही वेळा इंजिनाचं काम खरंच निघतं. तेव्हा खोलण्याआधी कॉम्प्रेशन तपासून घ्या. खोलल्यावर सिलिंडर मापकानं मोजायला सांगा, नुसतं नखानं चाचपून ठरवू नका. झीज असेल तर काही सिलिंडर लेथवर बोअर करून पुढच्या मापाचा पिस्टन बसतो. ही मापं साधारण पाव-पाव मिलिमीटरनं वाढतात. पण आतून खास मुलामा दिलेले काही सिलिंडर बोअर करता येत नाहीत, तिथे पूर्ण किट बदलावं लागतं. कनेक्टिंग रॉडला ढिलाई आहे का हेही त्याच वेळी बघावं. वरून नवा पिस्टन आणि खाली झिजलेला रॉड, म्हणजे पुन्हा इंजिन खोलण्याची तयारी.

जुने पार्ट परत मागा आणि बिलावर पार्टची नावं लिहून घ्या. काम झाल्यावर पहिले काहीशे किलोमीटर गाडी दामटू नका, चढावर तिघं बसू नका आणि सांगितलेल्या किलोमीटरला ऑइल बदला. पहिल्या ऑइलमध्ये नव्या पार्टचा बारीक चुरा उतरलेला असतो.

हलके रोलर टाकावेत का?

व्हिडिओ बघून तरुण मुलं हलके रोलर, कडक स्प्रिंग आणि मोठ्या आवाजाचे सायलेन्सर मागवतात. यातलं काय देतं आणि काय घेतं, ते समजून घ्यायला हवं.

रोलर हलके केले की ते उशिरा ढकलतात, गाडी हलक्या गिअरवर जास्त वेळ राहते. चढावर ओढ सुधारते, पण त्याच वेगाला इंजिन जास्त फेरे घेतं. पेट्रोल जास्त जातं, इंजिन आणि बेल्ट तापतात. रोलर जड केले तर सपाटीवर इंजिन शांत चालतं, पण चढावर दबतं. म्हणून बदल करायचाच तर सगळे रोलर एकाच वजनाचे, आणि एका वेळी एखाद्या ग्रॅमचाच फरक. दोन वजनांची सरमिसळ करायची तर जाणकाराकडूनच करावी.

मागची स्प्रिंग कडक केली की चढावर गाडी लवकर हलक्या गिअरवर येते, पण बेल्टवर दाब वाढतो. क्लचच्या स्प्रिंगा कडक केल्या तर क्लच जास्त रेसला धरतो. रिकाम्या रस्त्यावर झटका बरा वाटतो, पण चढावर ओझं घेऊन निघताना शू घासून जळतात.

आणि मुख्य गोष्ट : झिजलेल्या बेल्टवर हलके रोलर टाकणं म्हणजे गळक्या पाइपाला मोठा पंप लावणं. आधी सगळं कंपनीच्या मापावर आणा आणि महिनाभर चालवून बघा. पुष्कळदा पुढे काही करायची गरजच उरत नाही.

कायद्याचंही भान हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या मूळ तपशिलांत परस्पर बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल केल्यास गाडीमालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. जास्त सीसीचं किट आणि मोठ्या आवाजाचा सायलेन्सर यात सहज अडकतात. २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत तर सायलेन्सर आणि हवेची वाट बदलली की पेट्रोलचं इलेक्ट्रॉनिक गणितही बिघडू शकतं.

उतारावर जीव सांभाळा

चढाची तक्रार सगळे करतात, उताराचा विचार मात्र कोणी करत नाही. गिअरच्या मोटरसायकलला उतारावर इंजिन मागे धरून ठेवतं. स्कूटरचा क्लच मात्र रेस खाली गेली की सुटतो आणि मग गाडी मोकळी घरंगळते. पेट्रोल वाचवायला उतारावर इंजिन बंद करणाऱ्यांना तर इंजिनाचा आधार अजिबात मिळत नाही. सगळा भार ब्रेकवर येतो. ड्रम ब्रेक सतत दाबून धरला की तापतो आणि त्याची पकड कमी होते. नेमका त्याच वेळी समोरून पर्यटकांची बस वळणावर येते.

म्हणून आरे-वारेचा उतार असो की भंडारपुळ्याचा, उतार सुरू होण्याआधीच वेग कमी करा. इंजिन चालू ठेवा. दोन्ही ब्रेक वापरा. ब्रेक सलग दाबून न धरता दाबा-सोडा करत उतरा. मागे माणूस किंवा ओझं असेल तर आणखी सावकाश. गाडीच्या डाव्या कव्हरमधली झीज चढावर गाडी अडवते, पण उतारावरची चूक माणसाला दुसरी संधी देईलच असं नाही. पुढच्या सर्व्हिसिंगला गाडी टाकाल तेव्हा बेल्टबरोबर ब्रेक शूही काढून दाखवायला सांगा.