नॉमिनेशन, सूचक आणि नॉमिनी : सही करण्याआधी शब्द समजून घ्या



निवडणूक जवळ आली की "अमक्याला नॉमिनेट केलं" हे वाक्य धक्क्यावर रोज ऐकू येतं. पण नॉमिनेशन या एका शब्दाखाली तीन वेगळी कामं चालतात. ती एकमेकांत मिसळली तर नुकसान आपलंच.

1) निवडणुकीचं नामनिर्देशन. नाम म्हणजे नाव, निर्देशन म्हणजे दाखवून देणं. "हा माणूस उमेदवार असावा" असं जो लिहून देतो तो सूचक. त्या सूचनेला दुजोरा देतो तो अनुमोदक. उमेदवाराची स्वतःची संमतीची सही वेगळी. म्हणजे नुसतं "मी उभा राहतो" म्हणून भागत नाही, आपलं नाव दुसऱ्या कोणीतरी पुढे करावं लागतं.

अनुमोदक प्रत्येक निवडणुकीत लागतोच असं नाही. विधानसभेला फक्त सूचक लागतात. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला 1, अपक्षाला 10, आणि ते त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत. पेडणे मतदारसंघात उभ्या राहणाऱ्या अपक्षाला मांद्रे मतदारसंघातला सूचक चालत नाही, तालुका एकच असला तरी. डिचोली आणि मये यांचंही तसंच. राष्ट्रपतिपदाला मात्र 50 सूचक आणि 50 अनुमोदक लागतात. सहकारी संस्थेत किती आणि कोण लागतात ते निवडणूक अधिकाऱ्याच्या नोटिशीत पाहावं, ऐकीव माहितीवर जाऊ नये.

सूचकाची सही म्हणजे मत देण्याचं वचन नव्हे, मत गुप्तच असतं. पण ती शोभेची सहीही नव्हे. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत सुरतला एका उमेदवाराच्या सूचकांनी "फॉर्मवरच्या सह्या आमच्या नाहीत" असं लिहून दिलं. अर्ज बाद झाला, बाकीच्यांनी माघार घेतली आणि मतदान न होताच एक उमेदवार बिनविरोध निवडून आला. लाखो मतदारांना मत देताच आलं नाही. म्हणून कोऱ्या फॉर्मवर सही करू नका, आणि घरातल्या दुसऱ्याची सही तर अजिबात मारू नका.

2) नामनियुक्त सदस्य. इथे मतदान नसतं. राज्यसभेवर राष्ट्रपती 12 जण नेमतात. मूळ आपल्या मंगेशीच्या मंगेशकर घराण्यातल्या लता मंगेशकर 1999 मध्ये अशाच राज्यसभेवर गेल्या. त्या निवडून आल्या नव्हत्या, त्यांची नेमणूक झाली होती. म्हणून "नॉमिनेट झाला" आणि "निवडून आला" हे एक नव्हे.

3) नॉमिनी. हा शब्द आपल्या घराच्या सर्वांत जवळचा. शेअर, बँक खातं, विमा यांच्या फॉर्मवर "माझ्यामागे रक्कम कोणाकडे द्यावी" म्हणून आपण ज्याचं नाव देतो तो नॉमिनी. इथे सूचक तुम्ही स्वतःच. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतल्या सामूहिक अपघात विम्यात मच्छीमाराच्या अपघाती मृत्यूला 5 लाख रुपये आहेत. लग्नाआधी भरलेल्या फॉर्मवर वारलेल्या वडिलांचं नाव तसंच राहिलं, तर ऐन दुःखात बायको-मुलांना कागदांसाठी खेपा घालाव्या लागतात.

आणखी एक. नॉमिनी म्हणजे आपोआप एकटा मालक नव्हे. संस्थेने शेअरची रक्कम त्याच्या हाती दिली तरी कायदेशीर वारसांचा हक्क पुसला जात नाही. गोव्यात तर वेगळा करार नसेल तर लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता समाईक धरली जाते, हेही ध्यानात ठेवा.

तेव्हा निवडणुकीच्या फॉर्मवर सही करताना नाव, मतदार यादीतला क्रमांक आणि मतदारसंघ वाचून घ्या. नॉमिनीचं नाव आजच तपासा. बदलायचं असेल तर होडी दर्यात जायच्या आधी बदला. फॉर्म भरायला अडचण आली तर कार्यालयात या, आपण बसून भरू.

— सचिव