फ्लूनंतर एकाचे दोन दिसू लागले तर

सुरतच्या उधना-लिंबायतमध्ये यंत्रमागावरचा खाडा नको म्हणून फ्लू अंगावर काढणारे आपले खान्देशी कामगार भेटतात. ताप उतरल्यावर आठ-दहा दिवसांनी एकाचे दोन दिसू लागले, चालताना तोल जाऊ लागला, तर तो अशक्तपणा समजू नका. क्वचित हा मिलर फिशर सिंड्रोम असतो. २०२५ मध्ये पुण्यात उद्रेक झालेल्या गियाँ-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचाच हा दुर्मीळ प्रकार. १९५६ मध्ये मिलर फिशर यांनी त्याचे वर्णन केले. यात शरीराचीच प्रतिपिंडे डोळे फिरवणाऱ्या नसांवरच्या जीक्यू१बी या घटकावर उलटतात. बहुतेक रुग्ण काही महिन्यांत बरे होतात. मात्र गिळायला किंवा श्वासाला त्रास झाला, हातपाय लुळे पडू लागले, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा.