हिमनदी-पदभ्रमण : उतरणे हेच निदानपरिवर्जन

गंगोत्री-गोमुखाच्या पदभ्रमणास निघालेले रुग्ण प्रवासापूर्वी आपल्याकडे येतात व ‘उंचीवर त्रास होऊ नये म्हणून काही औषध द्या’ अशी मागणी करतात. सूतशेखर, सितोपलादि, श्वासकुठार अशी पिशवी बांधून देणे सोपे असते. परंतु धोका नेमका तेथेच आहे.

गोमुख सुमारे ४,००० मीटर उंचीवर आहे. तेथे वायुभार समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्केच असल्याने प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी मिळतो. उत्तरकाशीहून (सुमारे १,१५० मीटर) वाहनाने एका दिवसात गंगोत्री (सुमारे ३,१०० मीटर) गाठून दुसऱ्या दिवशी भोजबासा (सुमारे ३,८०० मीटर) येथे मुक्काम केल्यास ती उंची सात्म्य होण्यास शरीराला अवधीच मिळत नाही.

त्यातून उद्भवणारी शिरःशूल, हृल्लास, छर्दी, भ्रम ही लक्षणे पित्तप्रकोप वा अजीर्णासारखी भासतात. यात्रेकरू सूतशेखर घेऊन पुढे चढत राहतो. चालताना तोल जाणे, असंबद्ध बोलणे हे मेंदूच्या शोथाचे. विश्रांतीतही श्वास लागणे, फेसाळ वा रक्तमिश्रित कफ पडणे हे फुप्फुसात पाणी साचल्याचे लक्षण होय. या अवस्था काही तासांत प्राणघातक ठरू शकतात. व्याधीचा हेतू उंची हाच असल्याने उतरणे हेच येथे निदानपरिवर्जन होय. प्राणवायू व औषधे साहाय्यक आहेत. त्यांसाठी उतरणे लांबवू नये.

रुग्णास पुढील सूचना द्याव्यात :

१) हर्षिल (सुमारे २,६०० मीटर) येथे एक व गंगोत्रीस किमान दोन रात्री राहावे. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची दिवसाला ५०० मीटरहून अधिक वाढवू नये, हा सर्वसाधारण नियम आहे. भोजबासाचा टप्पा ७०० मीटरचा असल्याने ही जादा विश्रांती आवश्यक ठरते.

२) डोके दुखू लागल्यास चढणे थांबवावे, त्रास वाढल्यास त्वरित उतरावे. रुग्णास एकटे सोडू नये.

३) मद्य व निद्राजनक औषधे वर्ज्य करावीत.

४) हिमनदीच्या मुखाजवळ जाऊ नये, तेथे बर्फाचे कडे कोसळतात. दुपारी ओढ्यांचे पाणी वाढते, म्हणून ते सकाळीच ओलांडावेत.

५) हृद्रोगी, फुप्फुसविकारी व गर्भिणी यांनी आधी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. अ‍ॅसिटाझोलामाइड हे प्रतिबंधक औषधही तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच घ्यावे.

औषधालयचालकांनी प्रवासाच्या औषधांसोबत एक चिठ्ठी अवश्य द्यावी : ‘उंचीवर डोके दुखल्यास गोळी घेऊन पुढे चढू नका.’ कित्येकदा हीच चिठ्ठी पिशवीतील सर्व औषधांहून अधिक उपयोगी पडेल.