निळ्या बाईपासून काळ्या चित्रांपर्यंत

पोलादपूर सोडून कशेडी घाट उतरला की आमच्याकडचा काळा कातळ हळूहळू मागे पडतो आणि जांभ्याची लाल माती वाढत जाते. गोव्यात पोचेपर्यंत डोळ्यांत लालच भरतो. त्या टोकाला, बार्देशातल्या साळगावात, १२ एप्रिल १९२४ रोजी फ्रान्सिस न्यूटन सूझा जन्मला. आधुनिक भारतीय चित्रकलेत अभिव्यक्तिवादी म्हणून ज्याचं नाव सर्वांत आधी घेतलं जातं, तो हा चित्रकार. त्याच्याबद्दल एक मत पक्कं होऊन बसलं आहे: सूझा म्हणजे रेषा, रंग त्याच्याकडे मागाहून आलेला. १९४५ ते १९६७ या बावीस वर्षांतलं त्याचं काम ओळीने पाहिलं तर मला हे मत टिकताना दिसत नाही. त्याच्या बहुतेक वळणांवर भांडण रंगाशीच झालेलं आहे.

जन्मानंतर काही महिन्यांतच वडील गेले, पुढे बहीणही गेली. पोराला देवी आल्या तेव्हा आईने संत फ्रान्सिस झेवियरला नवस केला. पोर वाचलं आणि न्यूटनच्या आधी ‘फ्रान्सिस’ लागलं. आई मुंबईत शिवणकाम करून घर चालवायची. या मुलाने पहिल्यांदा पाहिलेले भारदस्त रंग चर्चमधले: पाद्र्यांचे भरजरी झगे, वेदीवरचं सोनं, क्रूसावरच्या ख्रिस्ताच्या जखमा. श्रद्धा पुढे उडाली, पण चर्चचा आपल्यावर जबरदस्त पगडा होता हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. तो पगडा मला त्याच्या विषयांइतकाच त्याच्या लाल-सोनेरी रंगांतही दिसतो.

सेंट झेवियर्स हायस्कूलमधून त्याला काढलं. कारण सांगितलं गेलं ते शौचालयाच्या भिंतीवरची अश्लील चित्रं. त्यावर त्याचा खुलासा असा की, चित्रं दुसऱ्यांची होती आणि इतकी वाईट काढलेली होती की त्याने ती फक्त दुरुस्त केली. खरं-खोटं तोच जाणे. पण सूझा कसा होता हे कळायला एवढा किस्सा पुरतो.

१९४० मध्ये तो सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आला. तिथे छायाप्रकाश, प्रमाणबद्धता, मॉडेल समोर बसवून केलेला अभ्यास, अशी शिस्त होती. बाहेर स्वातंत्र्यलढा पेटलेला. सूझा त्यात उतरला, प्राचार्य चार्ल्स जेरार्ड यांच्याशी खटके उडाले आणि १९४५ मध्ये त्याला तिथूनही काढण्यात आलं. त्या दिवशी घरी जाऊन त्याने जे केलं, त्याला मी त्याची खरी सुरुवात मानतो. कुंचला बाजूला ठेवून त्याने ट्यूबमधला रंग थेट फळीवर पिळला आणि पॅलेट नाइफने ओढत नेला. त्या रागातून ‘द ब्लू लेडी’ उभी राहिली. पुढे बडोदा संग्रहालयाचे हर्मन गोएट्झ यांनी हे चित्र संग्रहासाठी घेतलं.

बाई निळी का? शरीर निळं नसतं, हे जे. जे.त शिकलेल्याला कोणी सांगायला नको होतं. पण समोरच्या वस्तूचा रंग कोणता, हा प्रश्न अभिव्यक्तिवादी चित्रकाराच्या लेखी गौण असतो. तो आतल्या खळबळीला रंग शोधतो. जर्मनीत किर्शनर, नोल्डे या चित्रकारांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हे केलं होतं. मुंबईत ही हवा आणणाऱ्यांत वॉल्टर लँगहॅमर होते. नात्झींच्या धास्तीने व्हिएन्ना सोडून आलेले हे चित्रकार टाइम्स ऑफ इंडियाचे कलासंचालक झाले आणि त्यांच्या घरी तरुण चित्रकारांची बैठक जमू लागली. रझा आणि आरा यांच्या रंगांवर त्या बैठकीची छाप सहज दिसते. सूझाने मात्र तिथून मोकळीक घेतली, माधुर्य घेतलं नाही.

१९४७ मध्ये सूझा, रझा, आरा, हुसेन, बाकरे आणि गाडे यांचा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप झाला. त्याच वर्षी सूझा कम्युनिस्ट पक्षात गेला आणि फार काळ टिकला नाही. १९४८ मध्ये दिल्लीत प्राचीन भारतीय शिल्पांचं मोठं प्रदर्शन भरलं. तिथल्या मथुरेच्या लाल दगडातल्या स्त्रिया त्याच्या नग्नचित्रांत लगेच उतरल्या. त्याच्या चित्रांवरून अश्लीलतेचा गवगवा झाला, पोलीस आले. १९४९ मध्ये त्याने लंडन गाठलं.

लंडनची पहिली वर्षं कफल्लक गेली. १९५५ साली मात्र दिवस पालटले: ‘एन्काउंटर’ मासिकात त्याचा आत्मकथनात्मक लेख आला आणि गॅलरी वनमधलं प्रदर्शन गाजलं. पुढची प्रसिद्धी, अमेरिकन आश्रयदाता, चित्रांच्या किमती यांवर भरपूर लिहून झालं आहे. ‘बर्थ’ हे १९५५चंच चित्र २०१५ मध्ये चाळीस लाख डॉलरच्या वर विकलं गेलं, एवढं सांगून पुढे जातो.

कारण मला गुंतवतो तो या काळातला रंग. मळकट पिवळा, शेवाळी हिरवा, गंजका तांबडा, आणि या सगळ्याला जखडणारी जाड काळी कड. चर्चच्या रंगीत काचा शिशाच्या पट्ट्यांत बसवतात, तशी ही कड आहे. फ्रेंच चित्रकार रूओचं नाव इथे घ्यावंच लागतं. पण रूओच्या काचांमागे प्रकाश असतो, सूझाच्या काचांमागे भिंत आहे. टेट संग्रहालयातलं १९५९चं ‘क्रुसिफिक्शन’ पाहा. गोरापान, करुण डोळ्यांचा ख्रिस्त तिथे नाही. काळवंडलेला, काटेरी देह आहे. काळा रंग आता कडेवरून आत सरकला आहे.

१९६५च्या सुमारास त्याने उरलेले रंगही हाकलून दिले. काळ्यावर काळा. चेहरे, नग्न स्त्रिया, निसर्गचित्रं, सगळं एकाच रंगाच्या जाड थरात. १९६६ मध्ये लंडनच्या ग्रोव्हनर गॅलरीत ही चित्रं मांडली गेली. समोर उभं राहिलं की आधी नुसती काळी पाटी. एक पाऊल बाजूला सरलं की रंगाच्या कण्यावर उजेड अडतो आणि डोळा उगवतो, नाक उगवतं, मग पुन्हा बुडतं. पावसात भिजलेला रायगडाचा कडा असाच वागतो. ऊन तिरपं झाल्याखेरीज त्याच्या कपारी मोजता येत नाहीत. गोयाच्या काळ्या चित्रांशी या मालिकेचं नातं अनेकांनी जोडलं आहे, इव्ह क्लाइनच्या एकरंगी चित्रांशीही. लंडनमध्ये गोऱ्यांच्या गर्दीत वावरणाऱ्या गोवेकराला काळा रंग नुसता रंग राहिला असेल का, असंही विचारलं जातं. ते रास्त आहे, पण एवढ्यावर थांबलं तर चित्रातलं काम हातातून निसटतं. रेषा हीच त्याची ताकद असती तर तिला काळ्यात बुडवायची गरज काय होती? इथे रेषा रंगाच्या जाडीतून निर्माण होते. रंग काढून घेतला तर रेषाच उरत नाही.

या मालिकेची गंमत अशी की ती छापता येत नाही. कॅमेऱ्याला एकच कोन असतो. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात चित्रकार भेटतात ते पुस्तकांतून नि मोबाइलवर, आणि तिथे ही चित्रं म्हणजे शाई सांडलेलं पान. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या जहांगीर निकल्सन संग्रहात सूझाची चित्रं आहेत. काळ्या मालिकेतलं त्या वेळी मांडलेलं असो वा नसो, त्याच्या रंगाची जाडी किती ते तिथे उभं राहूनच कळेल.

१९६७ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला. तिथे मासिकांच्या गुळगुळीत पानांवर रसायन टाकून छापील शाई विरघळवायची आणि त्यातच चित्र काढायचं, हा खेळ त्याने बराच काळ केला. आयता, परका रंग पुसून आपला करणं, ही कल्पना मला भन्नाट वाटते. हाती आलेली चित्रं तितकी नाहीत. उत्तरकाळातली भडक निसर्गचित्रं तर बाजाराच्या घाईत उरकलेली वाटतात. २८ मार्च २००२ रोजी मुंबईत त्याचं निधन झालं आणि शिवडीच्या दफनभूमीत त्याला पुरलं. त्याच्यावर लिहिताना लोक अजूनही रेषेपासूनच सुरुवात करतात. माझ्या मते ती १९४५च्या त्या पिळलेल्या निळ्या ट्यूबपासून करायला हवी.