तेरा पिनांची गिटार आणि तिची किंमत

परवा रात्री आमच्या गायन पार्टीतला जुना गिटारवादक घरी आला. जय भीम झाला, चहा झाला आणि मग खांद्यावरची काळी बॅग खाली ठेवून त्याने विषय काढला. "सर, ही विकायचीय. पोरीच्या नर्सिंगची फी वीस तारखेपर्यंत भरायचीय." आदल्या दिवशी तो वाद्यांच्या एका दुकानात जाऊन आला होता. दुकानदाराने दोन तारा छेडल्या आणि आठ हजार सांगितले. सोबतचा सिंथेसायझर तर 'असलं आता कोण घेतं' म्हणून बाजूला सारला.

आठ हजार हा साध्या गिटारचा भाव झाला! पण दुकानदारावर रागावून काय उपयोग? आपली वस्तू काय आहे हे विकणाऱ्यालाच सांगता येत नसेल, तर घेणारा आपण होऊन कशाला सांगेल?

तर वाचकहो, आधी वस्तू समजून घेऊ. साध्या इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप सहाही तारांचा आवाज एकत्र करून एकाच वायरीतून ॲम्प्लिफायरला पाठवतो. या गिटारवर ब्रिजजवळ तारांखाली आणखी एक बारीक पट्टी बसवलेली आहे. ती प्रत्येक तारेचा आवाज वेगळा टिपते. तेरा पिनांच्या जाड केबलमधून हे सहा आवाज वेगवेगळे सिंथेसायझरकडे जातात. तो प्रत्येकाचा स्वर ओळखतो आणि त्या स्वरात बासरी, व्हायोलिन, सतार, जे लावाल ते वाजवतो. रोलँड या जपानी कंपनीने १९७७ साली पहिला गिटार सिंथेसायझर काढला, तेव्हा केबल चोवीस पिनांची होती. पुढे तेरा पिनांची पद्धत रुळली. कॅनडाच्या गोडिन कंपनीनेही तिला चालणाऱ्या गिटार काढल्या. आमच्या मित्राकडचा जीआर-५५ हा २०११ साली बाजारात आलेला.

या गिटारने आमच्या पार्टीचा मोठा खर्च वाचवला. जयंतीच्या हंगामात एका रात्री दोन वस्त्यांत कार्यक्रम असायचे, टेम्पोत माणसे मावायची नाहीत. हा एकटा बासरीही वाजवायचा, व्हायोलिनही. मात्र खरे ते सांगितले पाहिजे. आमच्या बासरीवाल्याचे काम त्याच वर्षी सुटले. तो आता रिक्षा चालवतो, आणि भेटला की या गिटारची चौकशी हसत हसतच करतो.

मित्राची खरी अडचण वेगळीच होती. "सर, खालची जाड तार जरा उशिरा बोलते. हे गिऱ्हाइकाला सांगायचं का?" मी म्हटले, सांगायचेच, आणि कारणासह सांगायचे. जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते. एका कंपाला बारा मिलिसेकंद लागतात, आणि निदान एक कंप पुरा झाल्याशिवाय यंत्राला स्वर ओळखणे कठीण जाते. सर्वांत बारीक तारेचा कंप तीनच मिलिसेकंदांचा. म्हणजे हा यंत्राचा स्वभाव आहे, बिघाड नव्हे. जाणकार गिऱ्हाइकाला ते ठाऊक असते. लपवलेत तर त्याला बाकीच्याही गोष्टींचा संशय येणार.

दुसरी गोष्ट त्याला ठाऊकच नव्हती. २०२३ साली कंपनीने नवी डिजिटल पद्धत आणली. तिच्या नव्या यंत्राला ही तेरा पिनांची केबल थेट लागत नाही, मध्ये कन्व्हर्टर घ्यावा लागतो. त्यामुळे जुन्या गिटारचा भाव काहीसा उतरणारच. पण ज्यांच्या घरी जुनी यंत्रे आहेत त्यांना ती हवीच असते. म्हणून गिटार, केबल आणि यंत्र हे तिन्ही एकत्रच विकावे. सुटी केबल मिळवताना घेणाऱ्याची दमछाक होते, आणि नुसती गिटार दिली तर उरलेले यंत्र आपल्याच माळ्यावर पडून राहते.

आम्ही ती रात्र कामाला लावली. केबलची प्रत्येक पिन तपासली, सॉकेट सैल होते ते कागदावर लिहून ठेवले. सहाही तारा नव्या चढवल्या. पट्टी आणि तारा यांच्यात साधारण एक मिलिमीटर अंतर लागते, ते स्क्रूने जुळवले. मग एकेक तार वाजवून मोबाईलवर चित्रण केले. त्यात जाड तारेचा उशीरही मुद्दाम ठेवला.

रविवारी नालासोपाऱ्याहून एक तरुण आला. लग्नाच्या बँडमध्ये वाजवणारा. त्याने आधी जाड तारच छेडली, मान हलवली आणि तासभर वाजवत बसला. सैल सॉकेटचे हजार रुपये कापून घेतले, ते रास्तच होते. चोवीस हजारांना तिन्ही वस्तू गेल्या. फी भरली गेली.

पोरगा जिना उतरत असताना मित्राने त्याला हाक मारून थांबवले आणि चौदा एप्रिलच्या रात्री तो मोकळा आहे का, म्हणून विचारले.