वाळवंटातील न दिसणारा घाम

गेल्या हिवाळ्यात आम्ही बडोद्याची तीन डॉक्टर कुटुंबे दोन मोटारींत तंबू, स्टोव्ह आणि पांघरुणे भरून कच्छच्या सफरीस निघालो. छोट्या रणात घुडखरांचे कळप पाहिले, भूजवरून खावड्यास आलो आणि मोठ्या रणातून जाणाऱ्या रस्त्याने खदीर बेटावरील धोलावीरा गाठले. पावसाळ्यात उथळ पाण्याखाली जाणारे हे रण हिवाळ्यात वाळते आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना क्षितिजापर्यंत मिठाचा पांढरा थर पसरतो. त्या सौंदर्याचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. मला मात्र तिथे शिकलेला एक धडा सांगावयाचा आहे.

आपल्याकडे श्रावणात सदरा भिजतो, म्हणून घाम आल्याचे कळते. वाळवंटातील कोरड्या हवेत घाम त्वचेवर येताक्षणीच उडून जातो. अंग कोरडे, कपडे कोरडे, वर गार वारा. त्यामुळे शरीरातील पाणी कमी होत असल्याची जाणीवच होत नाही. प्रत्येक उच्छ्वासाबरोबरही ओलावा बाहेर पडतो. लहान मुलांचे वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ अधिक आणि श्वसनाची गतीही जलद, म्हणून त्यांची हानी मोठ्यांपेक्षा लवकर होते. भरीस भर म्हणून खेळाच्या नादात त्यांना तहानेचे भान राहत नाही.

आमच्यातील सात वर्षांची एक मुलगी त्या दुपारी जेवली नाही, चिडचिड करू लागली, मग मोटारीत निपचित पडून राहिली. प्रवासाचा शीण असेल, असे मीच म्हणालो. अतिथिगृहाच्या अंगणात तंबू ठोकताना तिचे सुकलेले ओठ दिसले, तेव्हा कुठे विचारले, "बाळ, शू कधी केलीस?" उत्तर आले, "सकाळी." वाटेत आडोसा नव्हता, म्हणून तिने दिवसभर पाणी पिणेच टाळले होते. चार डॉक्टर सोबत असून हा साधा प्रश्न कोणीही विचारला नव्हता. चमच्याचमच्याने ओआरएस दिले. रात्री नऊच्या सुमारास तिला लघवी झाली आणि ती खिचडी मागू लागली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

हॉलिडे-सेगर यांच्या 1957च्या सूत्राप्रमाणे वीस किलो वजनाच्या मुलाला दिवसाला सुमारे दीड लिटर द्रव लागतो. वाळवंटात त्याहून अधिक लागणार, हे उघड आहे. म्हणून तहानेची वाट न पाहता ठरावीक वेळाने पाणी द्यावे. लघवीची वेळ आणि रंग पाहावा. गडद पिवळी लघवी ही पहिली सूचना होय. एक लिटरचे ओआरएसचे पाकीट एक लिटर पाण्यातच विरघळवावे. अर्ध्या लिटरच्या बाटलीत ते संपूर्ण ओतल्यास क्षारांचे प्रमाण अपायकारक होते. फळांच्या रसाच्या डब्याने हे काम होत नाही. मूल गुंगीत असेल, सतत उलट्या करीत असेल किंवा अंग तापून असंबद्ध बोलत असेल, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. रात्रीही बेसावध राहू नये. निरभ्र आकाश आणि कोरडी हवा यांमुळे जमिनीची उष्णता झपाट्याने निघून जाते, म्हणून दुपारी सुती कपडे आणि रात्री लोकरी, अशी दोन्ही तयारी हवी.

दुसऱ्या दिवशी धोलावीरा पाहिले. 2021 साली जागतिक वारसास्थळ ठरलेल्या या हडप्पाकालीन नगराने मनसर आणि मनहर या पावसाळी ओढ्यांचे पाणी बांध घालून मोठमोठ्या तलावांत साठविले होते. पायऱ्यांवरून खाली डोकावत ती मुलगी म्हणाली, "काका, यांना पाण्याची केवढी काळजी होती!"

परतीच्या वाटेवर आम्ही दर दोन तासांनी थांबलो आणि मुलींसाठी चादरीचा आडोसा धरला. सफरीच्या सामानाच्या यादीत आता ती चादर सर्वांत वर असते.