गाजर गवताला भुंग्याचा उतारा

पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला, पडीक रानात, सोसायटीमागच्या मोकळ्या जागेत जे हिरवं माजतं, त्यात गाजर गवत ओळखायला दोन खुणा पुरतात: गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली पानं आणि शेंड्यांवर बारीक पांढऱ्या फुलांचे झुबके. फुलण्याआधी ते जमिनीलगत गोल पसरलेलं असतं. उपटायचं तेव्हाच, तेही हातमोजे घालून. त्याच्या स्पर्शाने अनेकांना खाज सुटते, पुरळ उठतं.

भारतात त्याची ठळक नोंद झाली १९५५ साली, पुण्यात. पीएल-४८० या धान्य करारातल्या अमेरिकन गव्हातून ते आलं, असं सर्रास सांगितलं जातं. पण तो करारच १९५६ चा! आयात गहू त्याआधीही येत होता, म्हणून गव्हावरचा संशय पुरता फिटत नाही, इतकंच. आलं कसंही असो, एकेक झाड हजारो बिया टाकतं आणि गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत.

मेक्सिकोत, त्याच्या मूळ मुलखात, मात्र त्याला खाणारे कीटक आहेत. त्यांतला झायगोग्रामा बायकलरॅटा हा भुंगा १९८३ मध्ये बंगळुरूला आणला गेला आणि चाचण्यांनंतर १९८४ मध्ये मोकळा सोडला गेला. जेमतेम सहा मिलिमीटरचा जीव. फिकट पाठीवर तपकिरी रेघा. अळ्या कोवळे शेंडे आणि कळ्या फस्त करतात. कळी गेली की बी धरत नाही, खरा फायदा तिथे आहे.

पुढे कर्नाटकात हा भुंगा सूर्यफुलावर दिसला आणि एकच ओरड झाली. तपासात कळलं, की शेजारच्या गाजर गवताचे परागकण सूर्यफुलाच्या पानांवर पडले होते आणि भुंगे त्यांना भुलले होते. शंका रास्तच होती. परका कीटक सोडला की परत बोलावता येत नाही.

या भुंग्याची अडचण वेगळीच आहे. पाऊस सरला की तो मातीत शिरून निपचित पडतो आणि पुढच्या पावसाला वर येतो. गाजर गवत मात्र पाटाच्या ओलीवर हिवाळ्या-उन्हाळ्यातही उगवतं. शिवाय भुंग्यांची संख्या वाढायला दोन-तीन वर्षं जातात. एका हंगामात निकाल मागणाऱ्याची निराशा ठरलेली.

म्हणून जोडीला तरोटा, म्हणजेच टाकळा. पावसाआधी पडीक जागेत त्याचं बी फेकलं, की दाट उगवून तो गाजर गवताची जागा अडवतो, आणि कोवळा असताना भाजीलाही होतो. भुंगे सोडलेल्या जागी तणनाशक फवारायचं नाही आणि ती जागा नांगरायचीही नाही. पुढच्या वर्षीचे भुंगे त्याच मातीत झोपलेले असतात.